कॅप्शनचा चष्मा: आधी फोन, मग माइक, चष्मा सगळ्यात शेवटी

समोरच्याचं बोलणं डोळ्यांपुढे अक्षरांत दाखवणारे चष्मे आता विकत मिळतात. परदेशातला मुलगा आईबाबांसाठी तो पाठवतो, घरात दोन दिवस कौतुक होतं आणि मग चष्मा कपाटात जातो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "काहीच्या काही लिहून राहिलाय."

चूक बहुधा चष्म्याची नसते. चष्मा हा नुसता पडदा आहे. ऐकण्याचं काम माइक करतो, बोलण्याची अक्षरं फोनमधलं अ‍ॅप किंवा दूरचा सर्व्हर करतो, आणि चष्मा शेवटी ती दाखवतो. लोक मात्र खरेदी चष्म्यापासून सुरू करतात, माइक आणि भाषा यांच्याकडे वळतच नाहीत. खालचा क्रम त्याच्या उलटा आहे. पहिल्या पाच टप्प्यांत जवळपास खर्च नाही, आणि बऱ्याच घरांचं काम तिथेच भागतं.

## सुरुवात करण्याआधी

हाताशी असू द्या: कानाच्या तपासणीचा अलीकडचा रिपोर्ट, डोळ्यांचा नंबर, फोनचं नेमकं मॉडेल आणि एक वही. वहीत घरातल्यांची नावं, वस्तीची नावं, रोजच्या औषधांची नावं आणि वारंवार कानावर पडणारे शब्द लिहा. ही यादी तिसऱ्या टप्प्यात लागेल.

## टप्पा १: कान आणि डोळे, दोन्ही तपासा

कान तपासायला नागपुरातली मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा ऑडिओलॉजिस्ट, कुठेही चालेल. कधी नुसता मळ साठलेला असतो, आणि मग पुढचा खटाटोपच नको. श्रवणयंत्राचा उपयोग होणार असेल तर ते आधी घ्या. कॅप्शन हा त्याचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे 'ऐकू कमी येणं' आणि ७० च्या वर 'बहिरेपण'. रिपोर्ट त्या घरात बसत असेल तर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज त्याच धावपळीत उरकून घ्या.

डोळ्यांचं मात्र कुणी बघतच नाही. मोतीबिंदू पिकायला आला असेल, किंवा वाचायचा वेग मंदावला असेल, तर डोळ्यांपुढे धावणारी अक्षरं ही शिक्षाच होते.

तपासून पाहा: मराठी बातम्यांच्या चॅनेलवर खालून सरकणारी पट्टी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. अर्ध्या बातम्या निसटत असतील तर चष्म्यावर पैसे घालू नका. फोनवर किंवा टॅबवर मोठ्या अक्षरांत, आपल्या गतीनं मागे जाऊन वाचता येतं, तेच त्यांच्यासाठी बरं.

## टप्पा २: फोनवर आठवडाभर

अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे फुकट अ‍ॅप घ्या. काही फोनमध्ये ते सेटिंगमधल्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त आधीपासूनच असतं. त्यात मराठी आहे. नावं सारखी असल्यामुळे दोन गोष्टींची गल्लत होते. 'लाइव्ह कॅप्शन' फोनमध्येच वाजणाऱ्या व्हिडिओचा आवाज लिहितं. आपल्याला समोरच्या माणसाचं बोलणं लिहिणारं 'ट्रान्सक्राइब' हवं आहे. आयफोनवर हे अ‍ॅप मिळत नाही. तिथे ॲपलची कॅप्शनची सोय आहे, पण भाषांच्या यादीत मराठी आहे की नाही हे तुमच्या फोनवर उघडून बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

अक्षरांचा आकार मोठा करा. नाव ऐकू आलं की फोन थरथरावा ही सोय चालू करा, आणि त्यात घरात जशी हाक मारतात तेच नाव घाला. 'आई', 'आजी', 'अण्णा', जे असेल ते. बोलणं साठवून ठेवायची सेटिंग बंदच राहू द्या.

वापरणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजावून सांगा. अ‍ॅप आधी अंदाजानं शब्द लिहितं आणि वाक्य पुढे सरकलं की मागचे शब्द स्वतःच बदलतं. अक्षरं हलताना दिसली की म्हातारी माणसं गोंधळतात, किंवा पहिल्या चुकीच्या शब्दावरच उत्तर देऊन मोकळी होतात. वाक्य स्थिर होईपर्यंत थांबायचं, ही सवय लागायला दोन-चार दिवस जातात. ती फोनवरच लागू द्या.

सावधान: बोलणं ओळखायचं काम मुख्यतः इंटरनेटवर चालतं. घराच्या ज्या खोलीत नेटवर्क पडतं, तिथे कॅप्शनही पडणार. ती खोली आधीच हेरून ठेवा.

## टप्पा ३: भाषा ठरवा

नागपुरात सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. बाबा मराठीत बोलतात, शेजारच्या काकू हिंदीत, नातू निम्मं इंग्रजीत. आणि सदर किंवा इतवारीत पाऊल टाकलं की ऑटोवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळी हिंदी. अ‍ॅप मराठीवर लावलेलं असताना समोरचा हिंदी बोलला तर ते थांबत नाही, चूकही दाखवत नाही. हिंदी आवाज मराठी शब्दांत कोंबून लिहीत राहतं. दोन्ही भाषांची लिपी एकच, त्यामुळे वाचणाऱ्याला अक्षरं ओळखीची वाटतात आणि भाषा चुकली आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. तो म्हणतो, यंत्र बिघडलं.

उपाय सोपा आहे. अ‍ॅपमध्ये पहिली भाषा मराठी आणि दुसरी हिंदी ठेवा. पडद्याच्या खालच्या भागात भाषा बदलायचं बटण येतं. समोर कोण आहे हे पाहून ते दाबायचं. घरात पाच-सहा वेळा मुद्दाम सराव करून घ्या: मुलगा मराठी, सून हिंदी, परत मुलगा. बटण न सांगता दाबलं जाऊ लागलं की हा टप्पा झाला.

आपल्याकडच्या बोलीचं काय? "मले काहून नाही सांगितलं", "तो येऊन राहिला" हे प्रमाण मराठीवर पोसलेल्या यंत्राला नीट पचत नाही. 'काहून'चं 'कानून' झालेलं वाचून हसू येतं, पण तेच वाक्य दवाखान्याबद्दल असेल तर येत नाही. म्हणून मावशीला पुस्तकी बोलायला लावू नका. ती दोन मिनिटं बोलेल आणि मग बोलणंच सोडेल. त्याऐवजी अ‍ॅपमधल्या 'स्वतःचे शब्द' या यादीत वहीतले शब्द घाला. आडनावं, वस्त्या (गोकुळपेठ, नंदनवन, मानेवाडा), औषधं, नातवाचं लाडाचं नाव. सगळे शब्द लगेच सुधारत नाहीत, पण नावांमध्ये फरक पडतो, आणि गप्पांत अडतं ते नावांपाशीच.

तपासून पाहा: बोलणाऱ्यानं तोंड फिरवून आपल्या नेहमीच्या वेगानं दहा वाक्यं बोलावीत आणि ऐकणाऱ्यानं फक्त वाचून अर्थ सांगावा. सातांचा अर्थ लागला तर पुढे जा. शब्द मोजू नका, अर्थ मोजा.

## टप्पा ४: माइक जवळ न्या

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. एक फुटावरचा माणूस दहा फुटांवर गेला तर २० डेसिबल गेले. पंख्याची घरघर मात्र माइकजवळ तेवढीच राहते. माणसाचा मेंदू गोंगाटातून ओळखीचा आवाज निवडून घेतो, यंत्राला ते तितकंसं जमत नाही. त्यामुळे महागडा चष्मा आणि लांबचा माइक यापेक्षा साधा फोन आणि जवळचा माइक कधीही चांगला.

दोन माणसांच्या गप्पांत फोन दोघांच्या मध्ये ठेवा, त्याची खालची कड बोलणाऱ्याकडे. माइकचं बारीक भोक तिथेच असतं आणि जाड कव्हरमध्ये बरेचदा अर्धं झाकलं जातं. टेबलक्लॉथच्या घडीत, उशीवर किंवा खिशात ठेवलेला फोन ऐकत नाही. चार-पाच माणसं असतील तर कॉलरला लावायचा छोटा बिनतारी माइक घ्या. यूट्यूबवाले वापरतात तोच. बोलणाऱ्यानं तो कॉलरला किंवा पदराच्या काठाला लावायचा आणि बोलून झालं की पुढच्याला द्यायचा. एका वेळी एकच माणूस बोलतो, हा त्याचा जास्तीचा फायदा. आपल्याकडच्या जेवणाच्या पंगतीत तो कमी नाही.

सावधान: श्रवणयंत्र ब्लूटूथनं फोनला जोडलेलं असेल तर फोन कधीकधी त्याचाच माइक आत घेतो. मग ऐकणाऱ्याच्या कानाजवळचा आवाज लिहिला जातो, बोलणाऱ्याचा नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कोणता माइक चालू आहे ते दर वेळी बघा. 'काल चालत होतं, आज नाही' यामागे सहसा हेच असतं.

## टप्पा ५: खोली, आणि तो कूलर

एप्रिल ते जून नागपुरात कूलर बंद करा असं सांगणारा माणूस घरात टिकणार नाही. पण खिडकीतला डेझर्ट कूलर म्हणजे कॅप्शनचा पहिला शत्रू. पंख्याची सलग घरघर, वर झोताची हवा थेट माइकवर आली की खरखर वेगळीच.

बसायची जागा बदला. झोत अंगावर येऊ द्या, पण माइकवर नको. बोलणारा आणि माइक कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात आणि एकमेकांच्या हातभर अंतरात. पंखा एका टप्प्यानं कमी करा, पंप चालू राहिला तरी खोली गार राहते. बाहेरचा माइक असेल तर त्यावर फोमची टोपी घाला. मोबाइलच्या दुकानात मिळते, झोताची खरखर तिनं बरीच कमी होते. महत्त्वाचं बोलायचं असेल, दवाखान्याचा किंवा पैशाअडक्याचा विषय असेल, तर कूलर दहा मिनिटं बंद करा. तेवढ्यानं कुणी वितळत नाही.

टीव्ही चालू ठेवून गप्पा मारू नका. टीव्ही पाहायचाच असेल तर ओटीटीची स्वतःची कॅप्शन लावा. टीव्हीचा आवाज माइकनं पकडून त्याची कॅप्शन करणं हा उगाच द्राविडी प्राणायाम आहे.

## टप्पा ६: आता चष्मा

इथवर सगळं जमलं आणि 'फोनकडे बघत बसल्यानं समोरच्याचा चेहरा दिसत नाही' ही तक्रार आली, तरच चष्म्याचा विचार करा. ओठांची हालचाल बघून समजणाऱ्यांना त्याचा खरा फायदा होतो. बाजारात तीन जाती आहेत.

पहिली, पडदाच नसलेली. रे-बॅन मेटाचे जे चष्मे मे २०२५ मध्ये भारतात आले, त्यांत कॅमेरा आणि स्पीकर आहेत, पण काचेवर अक्षरं दिसत नाहीत. 'स्मार्ट चष्मा' एवढंच वाचून लोक घेतात आणि फसतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला कानात बोलणारा चष्मा काय कामाचा?

दुसरी, तारेची. एक्सरिअलसारखे चष्मे यूएसबी-सी तारेनं फोनला जोडले की फोनचा पडदाच डोळ्यांसमोर मोठा दिसतो. फोनवर चालणारं मराठी अ‍ॅप जसंच्या तसं समोर, म्हणून मराठीसाठी ही जात मला जास्त भरवशाची वाटते. खोट दोन: तार लोंबकळते, आणि फोनच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडण्याची सोय, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, लागते. मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये ती नसते. चार्जिंगचं भोक सारखंच दिसतं म्हणून गृहीत धरू नका, मॉडेलच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा.

तिसरी, हलकी, ब्लूटूथची. ईव्हन रिअ‍ॅलिटीजचा जी-१ किंवा व्ह्यूझिक्सचा झेड-१०० हे दिसायला साध्या चष्म्यासारखे आणि काचेवर हिरवी अक्षरं. घालायला सुखाचे, पण अक्षरं येतात ती त्यांच्या सोबतच्या अ‍ॅपमधून. म्हणजे तुम्ही फोनवर घासूनपुसून तयार केलेलं मराठी इथे आपोआप येत नाही. पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला हे विचारा:
- कॅप्शनसाठी मराठी आहे का? अ‍ॅपचा मेनू मराठीत असणं किंवा भाषांतराच्या यादीत मराठी असणं वेगळं.
- देवनागरी नीट उमटते का? "दुसऱ्या खोलीत ट्रंकेवर ज्ञानेश्वरी ठेवली आहे" हे वाक्य दाखवायला सांगा. 'ऱ्या', 'ट्र', 'ज्ञा' तुटत असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.
- कॅप्शनसाठी दर महिन्याला पैसे लागतात का?
- नंबरची काच बसते का, आणि ती भारतात कोण बसवून देईल?
- परत करायची मुदत किती? परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क आणि दुरुस्तीचा टपालखर्च धरूनच किंमत मोजा.

## टप्पा ७: बसवणं आणि जोडणं

अक्षरं समोरच्याच्या चेहऱ्यावर नकोत, हनुवटीच्या खाली, छातीच्या उंचीला हवीत. ओळी दोन किंवा तीन. जास्त ठेवल्या की डोळा वरखाली फिरत राहतो आणि डोकं दुखतं.

कानामागचं श्रवणयंत्र आणि चष्म्याची जाड काडी यांची जागा एकच. काडी यंत्राच्या माइकला घासली की कानात सतत खसखस होते, आणि म्हातारा माणूस कारण न सांगता चष्मा काढून ठेवतो. आधी चष्मा घालायचा, मग यंत्र काडीच्या बाहेरच्या बाजूनं बसवायचं, मग मान डावी-उजवीकडे फिरवून बघायची. खसखस आली तर चष्म्याच्या दुकानात काडी थोडी बाहेर वळवून घ्या.

रोज जोडताना क्रम एकच ठेवा: चष्मा चालू, मग माइक, मग अ‍ॅप, मग अ‍ॅपमध्ये माइक कोणता ते बघणं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चार्जरजवळ चिकटवा. पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको.

## टप्पा ८: घराबाहेर

दवाखाना: डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की बोलणं लिहिलं जातंय. पण औषधाचा डोस, तारीख, आकडे कॅप्शनवर सोडू नका. 'पंधरा' आणि 'पन्नास', 'दीड' आणि 'अडीच' यांत गफलत झाली तर महागात पडेल. ते कागदावरच लिहून घ्या.

बँक: पिन आणि ओटीपी मोठ्यानं बोलायचेच नाहीत, कॅप्शन असो वा नसो.

मेट्रो: सीताबर्डीच्या गर्दीत छतातल्या स्पीकरची घोषणा माइकला नीट मिळत नाही, शिवाय ती एकामागोमाग वेगवेगळ्या भाषांत येते. तिथे फलक वाचा.

ऊन: दुपारच्या उजेडात काचेवरची अक्षरं विरून जातात. सावलीत थांबून बोला किंवा वरून लावायची काळी काच घ्या. मेच्या उन्हात उभ्या गाडीत फोन, माइक, चष्मा काहीही ठेवू नका, बॅटरी खराब होते.

सावधान: गाडी चालवताना कॅप्शन बंद. रस्ता ओलांडतानाही.

## टप्पा ९: सिनेमा आणि नाटक

सिनेमाच्या थिएटरात माइकनं पकडून कॅप्शन करणं जवळपास फुकट जातं. संवादाखाली संगीत, संगीताखाली गाड्या, आणि यंत्र यांतलं काहीच वेगळं करत नाही. सिनेमाला आधी तयार केलेलीच कॅप्शन लागतात. माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये थिएटरमधल्या सिनेमांच्या सुगम्यतेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन त्यांत आहेत. तिकीट काढण्याआधी थिएटरला फोन करून विचारा: या सिनेमाच्या कोणत्या खेळाला सबटायटल आहेत, ती पडद्यावर येतात की वेगळ्या उपकरणावर? काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर व्यवस्थापकाला ईमेल करा, उत्तर लेखी राहतं.

सावधान: कॅमेरा असलेला चष्मा घालून न सांगता आत जाऊ नका. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं थिएटरात सिनेमाचं चोरटं चित्रण केल्यास किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी अंधारात वाद नको. व्यवस्थापकाला आधी भेटा, चष्मा दाखवा, यूडीआयडी कार्ड जवळ ठेवा.

नाटकाचं वेगळं, कारण इथे संहिता हातात असते. लंडनच्या नॅशनल थिएटरनं २०१८ मध्ये चष्म्यांवर कॅप्शन सुरू केली, तीही ऐकून लिहिलेली नव्हेत. संहिता आधीच भरलेली असते, आणि नटांचं बोलणं व प्रकाश-ध्वनीचे संकेत यांच्या आधारानं सॉफ्टवेअर योग्य ओळ पुढे आणतं. आपल्या हौशी संस्थेला याची साधी आवृत्ती जमण्यासारखी आहे.

1. लेखकाची परवानगी घेऊन संहिता टाइप करा, दर ओळीत सात-आठ शब्द. पात्राचं नाव आधी, आणि 'दार वाजतं', 'फोनची घंटा' हेही लिहा. ऐकू न येणाऱ्याला नेमकं तेच कळत नाही.
2. स्लाइड करा: काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, एका स्लाइडवर दोन ओळी.
3. तालमीला बसलेला एक माणूस ओळी पुढे ढकलायला नेमा. प्रॉम्प्टर उत्तम, त्याला नटांच्या खोड्या पाठ असतात.
4. स्क्रीन शेअर करून त्या स्लाइड प्रेक्षकाच्या फोनवर किंवा तारेच्या चष्म्यावर पाठवा. प्रेक्षकाला मागच्या रांगेत मधोमध बसवा, म्हणजे रंगमंच आणि अक्षरं एका नजरेत येतात, शिवाय फोनचा उजेड कुणाला खुपत नाही.
5. रंगीत तालमीत एकदा पूर्ण चालवून बघा, प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा नको. देशपांडे किंवा सुरेश भट सभागृहात असाल तर खुर्चीत बसून नेटवर्क तपासा, व्हरांड्यात नव्हे.

भाषण किंवा कीर्तन असेल, म्हणजे संहिता नसेल, तर साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन, म्हणजे मिक्सरमधून थेट आवाज देणारी तार, मागा. ती फोनच्या हेडफोन-माइकच्या जॅकमध्ये थेट खुपसू नका. तिथली पातळी माइकपेक्षा खूप जास्त असते आणि आवाज फाटून एकही शब्द ओळखला जात नाही. लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस मध्ये लावा आणि साउंडवाल्याला पातळी अगदी खालून वर आणायला सांगा.

## बिघडलं तर, याच क्रमानं बघा

अक्षरंच येत नाहीत: इंटरनेट, मग माइकची परवानगी, मग कोणता माइक निवडलाय ते.

अक्षरं येतात पण अर्थ लागत नाही: भाषेचं बटण. त्यानंतर अंतर. त्यानंतर कूलर.

फोनवर बरोबर, चष्म्यावर चूक: चष्म्याच्या अ‍ॅपची भाषा वेगळी लागली आहे.

सुरुवातीला बरं, अर्ध्या तासानं अडखळतं: फोन तापलाय. कव्हर काढा, चार्जिंग बंद करा, पाच मिनिटं सावलीत ठेवा.

सगळंच बंद पडलं: त्याच अ‍ॅपमध्ये कीबोर्ड उघडतो, समोरच्याला त्यावर टाइप करायला सांगा. बॅटरीच संपली असेल तर खिशात छोटी डायरी आणि पेन असू द्या.